पाठीवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण बदलीच्या नोकरीतल्या माणसांना जितक्यांदा ऐकावी लागते, तितक्यांदा ती खुद्द विंचवालाही ऐकावी लागली नसेल. एखादा स्नेही घरी यावा, भिंतीशी रचून ठेवलेल्या ट्रंका आणि अद्याप न सोडलेली पोती त्याने पाहावीत, आणि चहाचा पहिला घोट घेता घेता ही म्हण त्याच्या तोंडून आपसूक बाहेर पडावी, असा जणू शिरस्ताच आहे. म्हणीचा रोख सामानावर असतो. ज्याला ठाव नाही त्याने आपले किडूकमिडूक पाठीवर वाहावे, एवढाच तिचा अर्थ आपण घेतो. प्राणिशास्त्र मात्र थोडे निराळे सांगते. विंचवाच्या पाठीवर असतात ती पिले. मादी त्यांना जन्म देते तेव्हा ती पांढुरकी आणि मऊ असतात. ती आईच्या पाठीवर चढून बसतात आणि पहिली कात टाकीपर्यंत तिथेच राहतात. पुढे एकेक करून खाली उतरतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात.

बिऱ्हाड म्हणजे सामान नव्हे, हे विंचवाला ठाऊक आहे. सरकारला ते ठाऊक नसावे. बदलीच्या नियमांत आमच्या पायरीच्या कारकुनाचे बिऱ्हाड किलोंत मोजलेले आहे. पंधराशे किलोपर्यंतच्या सामानाची वाहतूक सरकार सोसते. माझ्या घरातल्या कोणत्या वस्तूंचे वजन पंधराशे किलो भरेल याचा हिशोब मी एकदा गंमत म्हणून केला होता. धान्याच्या डब्यांपासून देव्हाऱ्यापर्यंत सारे धरूनही तो निम्म्यापलीकडे गेला नाही. ज्यांच्यामुळे घराला घरपण आहे, त्यांची गणना तर किलोंत होतच नाही.

हे सारे मनात घोळू लागले ते माझ्या मेहुण्याच्या एका प्रवासामुळे. सौभाग्यवतीचा हा धाकटा भाऊ गेली काही वर्षे इंग्लंडात नोकरीला आहे. 2024 च्या उन्हाळ्यात त्याने बायको, दोन मुली आणि एक तांबूस रंगाचा लोंबत्या कानांचा कुत्रा यांना घेऊन कॅरॅव्हॅनमधून फ्रान्सचा प्रवास केला. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यावयाचे हे चाकांवरचे घर. त्याची छायाचित्रे आमच्या घरी आली तेव्हा माझी मुले त्यांवर तुटून पडली. जेवणाचे मेज रात्री दुमडून त्याचा पलंग होतो. शेगडी आणि शीतपेटी गॅसवर चालतात. पाण्याचे पिंप ढकलत नळावर न्यावयाचे आणि भरून ढकलत आणावयाचे. दाराबाहेर कापडी मांडव टाकला की त्याची ओसरी होते. ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ, जिथे कार्नाकच्या माळावर तीन हजारांच्या वर प्राचीन शिळा रांगेने उभ्या आहेत, तिथून थोड्याच अंतरावरच्या तळावर मेहुण्याची पत्नी त्या ओसरीत कांदेपोहे करीत आहे आणि कुत्रा कढईकडे एकाग्र चित्ताने पाहत आहे, हे छायाचित्र तर आमच्या भिंतीवर लागले आहे.

कॅरॅव्हॅन हा शब्द मूळचा फारसी. वाळवंटातून जाणारा व्यापाऱ्यांचा तांडा तो कारवान. इंग्रजांनी तो उचलला आणि कालांतराने तांड्यातल्या एका गाडीला देऊन टाकला. हौसेखातर अशा घरगाडीतून हिंडण्याची प्रथा त्यांच्यात रुजवली ती गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी डॉक्टराने. 1885 साली त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची गाडी मुद्दाम बांधून घेतली, तिला दोन घोडे जुंपले आणि दक्षिणेकडल्या ट्वायफर्ड गावाहून थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत मजल मारली. सोबतीला गाडीवान, एक नोकर, एक पोपट आणि ‘हरिकेन बॉब’ नावाचा प्रचंड न्यूफाउंडलंड कुत्रा. पुढे 1907 साली अशा हौशी मंडळींचा क्लबही निघाला. पहिल्याच गाडीत कुत्रा होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. माणूस घर घेऊन निघाला की कुत्रा चाकाशी येऊन उभा राहतोच.

आपल्याकडे तरी निराळे काय आहे? माझे गाव फलटण तालुक्यात. दिवाळी सरली की धनगरांचे वाडे मेंढरे घेऊन कोकणाच्या वाटेला लागत, ते मी लहानपणी दरवर्षी पाहत असे. घोड्याच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि त्या साऱ्यांवर मांडी ठोकून बसलेले एखादे शेंबडे पोर. घोड्याच्या पुढेमागे कुत्री. कोणाचा निरोप नाही, कोणाची रडारड नाही. कारण मागे राहणारे कोणी नसेच. पावसाळ्याच्या तोंडाला तेच घोडे, तेच पोर, तीच कुत्री परत येत. घाट उतरताना वा चढताना त्यांना कोणी कागद विचारीत नसे.

माझ्या मेहुण्याला मात्र कागद विचारले गेले. कागदपत्रांवर उपजीविका करणारा माणूस असल्यामुळे मी त्याच्याकडून ती हकीगत मोठ्या रसाने काढून घेतली. मुलींचा जन्म तिकडचा. त्यांच्याजवळ ब्रिटिश पारपत्रे, म्हणून त्यांना व्हिसा नको. मेहुण्याने आणि त्याच्या पत्नीने आपली भारतीय पारपत्रे जपून ठेवली आहेत. म्हणून त्या दोघांना शेंगेन व्हिसा, त्यासाठी बँकेचे उतारे, नोकरीचे पत्र आणि तीस हजार युरोंपर्यंतच्या औषधोपचाराचा विमा. कुत्र्याची तिसरीच तऱ्हा. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, 2021 सालापासून, तिथे दिलेले पाळीव जनावरांचे युरोपीय पारपत्र चालेनासे झाले. आता त्याच्या कातडीखाली ओळखीची चकती हवी, रेबीजची लस टोचून एकवीस दिवस उलटलेले हवेत, आणि सरकारमान्य पशुवैद्याने दिलेला आरोग्याचा दाखला हवा. तोही प्रवेशापूर्वी दहा दिवसांच्या आतला. परतताना आणखी एक सोपस्कार. इंग्लंडच्या भूमीवर पाऊल टाकण्यापूर्वी चोवीस तासांहून कमी नाही आणि एकशेवीस तासांहून अधिक नाही, अशा बेताने फ्रेंच पशुवैद्याकडून जंताची गोळी देववावी लागते आणि त्याचा शिक्का घ्यावा लागतो.

पाच जिवांचे एक घर. ते पोर्ट्समथच्या बंदरात कॅनकडे जाणाऱ्या बोटीच्या रांगेत उभे राहिले आणि खिडकीतल्या माणसाने हात पुढे केला, तेव्हा त्या एका घरातून तीन तऱ्हांचे कागद बाहेर आले. कुटुंब नावाची वस्तू सीमेला दिसत नाही. तिला दिसतात त्या सुट्या सुट्या व्यक्ती आणि त्यांच्यासमोरचे रकाने. मेहुणा म्हणाला, “भावोजी, सर्वांत जाड फाइल माझी होती. कुत्र्याचे काम पाच मिनिटांत झाले.” तो हे हसून म्हणाला. मीही हसलो. परंतु मुली पलीकडे आणि आईबाप अलीकडे अशी ती क्षणभराची फाळणी मला काही केल्या विसरता येत नाही.

तरी ही बरी अवस्था म्हणावयाची. विसाव्या शतकाच्या आरंभापासून शंभर वर्षे इंग्लंडचा असा कायदा होता की बाहेरून येणाऱ्या कुत्र्याने सहा महिने कोंडवाड्यात काढावेत. रेबीज बेटावर येऊ नये म्हणून ही खबरदारी होती आणि ती फलद्रूपही झाली. पण त्यामुळे फ्रान्सला पंधरा दिवसांच्या सहलीस निघालेल्या कुटुंबापुढे एकच मार्ग उरे. मुले गाडीत, आणि कुत्रा शेजाऱ्याच्या दारात. हा दंडक सैल झाला 2000 सालच्या फेब्रुवारीत. लस आणि कागद यथास्थित असतील तर कोंडवाड्याविना परत येण्याची मुभा तेव्हा प्रथम मिळाली. तोवर किती मुलांनी मागच्या काचेतून लहान लहान होत जाणारे शेपूट पाहिले असेल, याची नोंद कोणत्या दप्तरात असणार?

महाभारतकारांना ही अडचण माहीत होती. कुटुंब आणि कुत्रा यांच्यासह केलेला आपल्या वाङ्मयातला सर्वांत मोठा प्रवास म्हणजे पांडवांचे महाप्रस्थान. वाटेत द्रौपदी पडली, चार भाऊ पडले, आणि युधिष्ठिर पुढे चालत राहिला. पण स्वर्गाच्या दाराशी इंद्राने कुत्र्याला मनाई केली तेव्हा मात्र तो थांबला. जिवाभावाची माणसे वाटेत गळून पडली त्याला त्याचा इलाज नव्हता. जो सोबत टिकला आहे त्याला आपण होऊन सोडणे ही मात्र निराळी गोष्ट, एवढा भेद त्या राजाने केला. कुत्र्याच्या रूपाने धर्मच आला होता हा पुढचा भाग आपण कौतुकाने सांगतो. युधिष्ठिराला तो ठाऊक नव्हता. त्याच्या लेखी तो कुत्राच होता.

आमच्या कलकत्त्यात या विषयाचे एक निराळेच स्मारक आहे. पार्क स्ट्रीटवर 1767 साली सुरू झालेले इंग्रजांचे जुने कबरस्तान आहे. रविवारी सकाळी मुलांना घेऊन मी तिथे कधी कधी जातो. मनोरे आणि घुमट यांच्या त्या गर्दीत वॉल्टर लँडर डिकन्स या तरुणाची शिळा आहे. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याचा हा मुलगा.

1844 सालच्या जुलैत डिकन्स सहकुटुंब इटलीला निघाला. वय बत्तीस, पदरी पाच मुले, आणि लंडनचा खर्च आवाक्याबाहेर गेलेला. इटलीत स्वस्ताई आहे असे त्याने ऐकले होते. तिशीतल्या संसारी माणसाचे हे गणित आपणां कोणालाही समजण्याजोगे आहे. त्याने एक जुनी, अवाढव्य प्रवासी बग्गी पंचेचाळीस पौंडांना घासाघीस करून घेतली. दिवे, कप्पे, चोरखण यांनी ती नुसती खच्चून भरलेली होती. तीत पत्नी, मेहुणी, सात वर्षांच्या चार्लीपासून सहा महिन्यांच्या तान्ह्यापर्यंत पाची मुले, दाया, नोकर, वाटाड्या, असे डझनभर जीव भरले. आणि टिंबर. हा झिपरा पांढरा कुत्रा त्याला अमेरिकेत भेट मिळाला होता. पॅरिस, लियाँ, आव्हिन्याँ, मार्सेय अशी मजल दरमजल करीत, शेवटचा टप्पा आगबोटीने ओलांडून हे बिऱ्हाड जेनोआजवळच्या अल्बारो गावी पोहोचले. तिथे पिसवांनी टिंबरचा असा छळ मांडला की त्याच्या अंगावरचा एकूणएक केस कातरावा लागला. मुलांना ते ध्यान किती दिवस पुरले असेल! वॉल्टर तेव्हा तीन वर्षांचा होता.

वर्षभराने, 1845 च्या उन्हाळ्यात, ही सारी वरात सेंट गॉथर्डचा घाट चढून-उतरून इंग्लंडला परत गेली. कोंडवाड्याचा कायदा अजून व्हावयाचा होता. टिंबरही परत गेला.

पुढे बारा वर्षांनी, 1857 च्या जुलैत, कंपनी सरकारच्या फौजेत दाखल होण्यासाठी सोळा वर्षांचा वॉल्टर हिंदुस्थानला निघाला. बाप त्याला पोचवायला साउथॅम्प्टनपर्यंत गेला होता. माझ्या मेहुण्याची बोट सुटली ते पोर्ट्समथ त्याच किनाऱ्यावर, तिथून जवळच आहे. वॉल्टर परत गेला नाही. आजारपणाच्या रजेवर घरी जाण्यासाठी कलकत्त्यात येऊन पोहोचलेला तो मुलगा 31 डिसेंबर 1863 रोजी इथल्या लष्करी इस्पितळात वारला. वय बावीस. ती बातमी बापाला मिळाली 7 फेब्रुवारी 1864 रोजी, आणि तो त्याचा बावन्नावा वाढदिवस होता. देह भवानीपूरच्या कबरस्तानात पुरला आहे. पार्क स्ट्रीटवर आहे ती केवळ शिळा. 1987 साली ती इथे हलवली गेली. म्हणजे त्या शिळेचीसुद्धा बदली झाली.

त्या बग्गीत कोणालाही मागे ठेवायचे नाही असा चंग बांधून माणसे बसली होती. कुत्रा सुटला नाही, तान्हे मूल सुटले नाही. तरीही त्यांतला एक जण हुगळीच्या काठी एकटा राहिला. बापाने आपले बिऱ्हाड पाठीवर वाहिले यात शंका नाही. परंतु पिलू कात टाकून कोठे उतरेल, हे वाहणाऱ्याच्या हाती नसते. शिळेपुढे उभे राहून मुलगी विचारते, “बाबा, ह्याचे घर कुठले?” मी लंडन म्हणतो. मुलगा म्हणतो, “पण तो तर कलकत्त्यातच आहे.”

या प्रश्नोत्तराला आमच्या घरी सध्या फार अर्थ आला आहे. अकरा वर्षांपूर्वी स्पर्धापरीक्षा देऊन मी या शहरात नोकरीवर रुजू झालो. दोन्ही मुले इथे जन्मली. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा सहांचा. फलटणास आई एकटी असते आणि तिला आता जिना चढवत नाही. म्हणून पुण्यास बदली मिळावी असा विनंतीअर्ज मी दिला होता. ज्येष्ठतेवर पाणी सोडावे लागेल हे मान्य असल्याचे लिहूनही दिले होते. परवा तो अर्ज मंजूर होऊन आला. स्वतःच्या विनंतीवरून होणाऱ्या बदलीला सरकारी भत्ता नसतो, तेव्हा ते पंधराशे किलोही आता नाहीत.

आम्ही उभयता त्या संध्याकाळी आनंदात होतो. “आता आपण परत जाणार,” असे सौभाग्यवती मुलांना म्हणाली. मुलीने विचारले, “आणि परत कधी येणार?” त्या एका ‘परत’ शब्दाने आमच्या घरात सीमा उमटली. आईबापांचा ‘परत’ पश्चिमेकडे तोंड करून उभा, मुलांचा ‘परत’ पूर्वेकडे. अकरा वर्षे आम्ही इथे प्रवासात होतो. गणपतीत इथल्या मराठी मंडळात जाऊन आरती म्हणत होतो, आईने पाठवलेल्या मेतकुटाची पुडी पुरवून पुरवून खात होतो. मुले मात्र प्रवासात नव्हती. ती घरी होती. पूजेच्या दिवसांत ढाकाचा पहिला ठोका पडला की त्यांच्या पायांत जे येते, ते आमच्या पायांत ढोल-ताशाने येते. याला कोणाचाच इलाज नाही.

आणि मग भुलूचा प्रश्न निघाला. भुलू आमच्या गल्लीतला गावठी कुत्रा. तीन वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री जिन्याखाली आला आणि आमचा झाला. त्याला ‘आय’ म्हटले की तो येतो, ‘बोश’ म्हटले की बसतो. ‘ये’ आणि ‘बस’ या शब्दांकडे तो सभ्यपणे दुर्लक्ष करतो. शेजारचे काकाबाबू म्हणाले, “राहू दे त्याला इथे, मी भाताचा घास घालीन.” सल्ला प्रेमाचा होता आणि शहाणपणाचाही. पुणे इथून दोन हजार किलोमीटर दूर आहे. आम्हांला परवडणाऱ्या वातानुकूलित तिसऱ्या वर्गात कुत्र्याला प्रवेश नाही. त्याच्यासाठी गार्डच्या डब्यातली पेटी असते. एक तर ती, नाहीपेक्षा प्रथम वर्गाची संपूर्ण खोली आपल्याच नावे मिळाली तर त्याला सोबत बसता येते. मी हे नियम जेवताना वाचून दाखवले. मुलगी ताटावरून उठली नाही, रडलीही नाही. तिने फक्त भिंतीवरच्या, कढईकडे पाहणाऱ्या त्या तांबूस कुत्र्याकडे पाहिले.

रात्री मुले निजल्यावर सौभाग्यवती म्हणाली, “अहो, प्रथम वर्गाच्या खोलीत निजायच्या जागा किती?”

“चार.”

“आणि आपण?”

मी तिच्याकडे पाहत राहिलो. तिने हिशोब आधीच केला होता. रसेल स्ट्रीटच्या लिलावात हौसेने घेतलेले सागवानी कपाट परत लिलावात जाईल. शीतपेटी इथेच विकायची. ट्रकही करावयाचा नाही. भांडी, पुस्तके, देव एवढेच पार्सलने. त्या पैशांत चार तिकिटे बसतात. “सामान पुण्यात पुन्हा होईल,” ती म्हणाली. “मुलांचे एवढे सारे इथे सुटणार आहे. शाळा सुटणार, भाषा सुटणार. एक तरी सोबत जाऊ दे, ज्याला ‘आय’ म्हटले की कळते.”

घर नेणे म्हणजे काय, याचे इतके नेमके उत्तर मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नव्हते. आपण जातो तेव्हा आपले घर पुढे असते. मुलांचे मागे राहते. त्या मागे राहणाऱ्या घराचा एक जिवंत तुकडा त्यांच्या हाती देणे, एवढेच आईबापांना जमण्याजोगे असते. पुढे तीही उतरतील. कोणी पुण्यात, कोणी साउथॅम्प्टनला, कोणी आणखी कोठे. ते उतरणे अडवता येत नाही, आणि अडवूही नये. परंतु कात टाकण्यापूर्वीच, आपल्या सोयीखातर, पाठीवरून कोणाला खाली ठेवू नये.

पूर्ण खोली आपल्याच वाट्याला येते की नाही, हे गाडी सुटण्यापूर्वी तक्ता लागेपर्यंत कळत नाही. तरीही रेल्वेच्या आरक्षण अधिकाऱ्यांना द्यावयाच्या अर्जाचा मसुदा मी केला आहे. उभ्या आयुष्यात हजारो मसुदे केले, पण इतकी काळजी कशाची घेतली नव्हती. पशुवैद्याचा दाखला जोडला आहे, भुलूच्या लसीची तारीख लिहिली आहे. विषयाच्या ओळीत मी आधी ‘कुटुंबासह कुत्रा नेण्याची परवानगी मिळणेबाबत’ असे लिहिले होते. मुलीने ते वाचले, पेन्सिल घेतली आणि एक शब्द खोडून, बाणाने दुसरीकडे नेला. तिची सूचना मी मान्य केली आहे. आता तिथे ‘कुत्र्यासह कुटुंब’ असे आहे.